खुलासा : संशोधनात सहभागी झालात म्हणजे अडकलात, हे खरं नाही

दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय : 'वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासात सही केली की मध्येच सोडता येत नाही, सोडलं तर दंड बसतो, आणि काही झालं तर उपचारांचा खर्च आपल्याच माथी.' घाबरून काही जणांनी तो मलाही पाठवला.

भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. ते मी वाचले आहेत. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. कारण न सांगता, केव्हाही बाहेर पडता येतं, त्यासाठी दंड नाही आणि एरवीचे उपचारही थांबत नाहीत. हे संमतीपत्रातच लिहिलेलं असावं लागतं, तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

चाचणीदरम्यान इजा झाली, तर ती चाचणीमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत आवश्यक ते उपचार मोफत द्यावे लागतात. चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही मिळते. मात्र त्या काळातल्या प्रत्येक आजारपणाला भरपाई मिळेल, असा याचा अर्थ नाही.

चाचणी खरी आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येतं. 15 जून 2009 पासून औषध-चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे.

भीती वाटणं मी समजू शकते. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.