माइनक्राफ्टमधल्या खेचरांना पिल्लं होत नाहीत

'दोन खेचरांना गोल्डन ॲपल दिलं की तिसरं खेचर मिळतं' असा एक मेसेज सध्या व्हिडिओसकट फिरतोय. हे खोटं आहे. खेचर गोल्डन ॲपल खातं, पण त्याने त्याचं आरोग्य भरून येतं, पिल्लू होत नाही. खेचराची जोडी या गेममध्ये लागतच नाही.

मग व्हिडिओत दिसणाऱ्या बदामांचं, म्हणजे लाल हृदयांचं काय? रानटी घोडा माणसाळला, म्हणजे पाठीवर बसून दोन-चारदा आपटल्यावर एकदाचा शांत झाला, की तेव्हाही बदाम उडतात. बहुतेकांची फसगत तिथेच होत असावी.

खेचर हवं असेल तर एक घोडा आणि एक गाढव घ्या. दोन्ही माणसाळलेले हवेत. दोघांना गोल्डन ॲपल किंवा गोल्डन कॅरट द्या. माझं ऐकाल तर कॅरटच द्या. ॲपलला सोन्याच्या 8 विटा लागतात, कॅरटला 8 नगेट्स (सोन्याचे छोटे तुकडे), म्हणजे एका विटेपेक्षाही कमी सोनं! नर कोण, मादी कोण हे बघायची गरज नाही, गेममध्ये तो भेदच नाही. पिल्लू साधारण 20 मिनिटांत मोठं होतं आणि त्याच्यावर चेस्ट (सामानाची पेटी) चढवता येते.

खऱ्या जगात मात्र नर-मादीने फरक पडतो: गाढव आणि घोडी यांचं ते खेचर, घोडा आणि गाढवीण यांची ती हिनी. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. विषम संख्येमुळे जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर वांझ. मादी खेचर व्यायल्याच्या तुरळक नोंदी आहेत, गेममध्ये तेवढीही सूट नाही.