'आयटिस' म्हणजे 'इति' नव्हे

'इंग्रजीचे सगळे प्रत्यय मूळचे संस्कृत' हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. या वेळी तो म्हापशाच्या मावशीच्या फोनवर आला, नेमका तिच्या रिपोर्टवर 'आर्थ्रायटिस' लिहून आलेलं असताना. फॉरवर्ड म्हणतो, 'आयटिस' म्हणजे 'इति', म्हणजे शेवट. झालं! सांधे संपले म्हणून बाई धास्तावल्या.

एक तर 'इति'चा अर्थ शेवट नाहीच, 'असे' आहे. तो वाक्याअखेरी येतो एवढंच. आणि '-आयटिस' हा ग्रीक विशेषणाचा प्रत्यय, 'त्यासंबंधीचा' एवढ्याच अर्थाचा. ग्रीक लोक 'आर्थ्रीतिस नोसोस' म्हणत, सांध्यांचा आजार. पुढे 'नोसोस' गळालं आणि डॉक्टरांनी उरलेल्या प्रत्ययाला 'दाह' हा अर्थ पक्का केला. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या अस्तराचा दाह. जठर जागेवरच असतं. रिपोर्टमधली शेपटं ओळखायचीच असतील तर ही ओळखा: '-ऑटमी' म्हणजे नुसता छेद, '-एक्टमी' म्हणजे कापून काढणं, '-ऑस्टमी' म्हणजे तोंड करून ठेवणं. कोलेक्टमीत मोठं आतडं, निदान त्याचा काही भाग, काढतात. कोलोस्टमीत त्याचं तोंड पोटावर आणतात. नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर इथे केवढा घोळ होईल!

'-शन' म्हणे 'दर्शन'मधला. अहो, 'दर्शन'मधला 'श' दृश् धातूचा, प्रत्यय फक्त 'अन'. शिवाय 'शन' हा उच्चार इंग्रजीतला. लॅटिनमध्ये तो '-तिओ' होता. पोर्तुगीजात त्याचाच '-सांव' झाला, म्हणून इंग्रजी 'कन्सेप्शन' आणि आपल्याकडचं, गोव्यातलं कोन्सेसांव हे नाव एकाच लॅटिन शब्दाचे. '-इटी'चंही तेच. दिवाडी बेटावरच्या पिएदाद गावाचं नाव आणि इंग्रजी 'पायटी', दोन्ही लॅटिन 'पिएतास'मधून आले.

'-मेंट' म्हणजे 'श्रीमंत'मधला 'मंत', हेही खोटं. तो लॅटिन '-मेन्तुम'. पण इथे थोडं मान्य करावं लागतं: त्यातला 'मेन' आणि संस्कृत 'नामन्', 'कर्मन्'मधला 'मन्' यांचं नातं खरंच आहे. लॅटिनमध्ये नावाला 'नोमेन'च म्हणतात. हे साम्य गोव्यात कधीच लक्षात आलं होतं. ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये इथूनच भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची असल्याचं नोंदवलं. पुढे १७८६ मध्ये कलकत्त्यात भाषापंडित विल्यम जोन्स म्हणाले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. संस्कृतातून बाकीच्या दोघी निघाल्या, असं ते म्हणाले नाहीत.

फॉरवर्डच्या यादीतले '-नेस', '-हुड', '-शिप' तर ग्रीकही नाहीत, लॅटिनही नाहीत. ते इंग्रजीचे घरचेच.