गुडघ्याला तेल चोपडून डेंग्यू टळत नाही

शाळा सुरू झाल्यापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून पोरांच्या पायांना खोबरेल लावा. डेंग्यू गटारीकाठच्या वस्तीतल्या मुलांना होतो. रात्री कॉइल लावली की काळजी नाही. आणि ताप उतरला की मूल बरं झालं, शाळेत पाठवा. मी बेळगावच्या शहापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. यातलं एकही खरं नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

तेलाचं आधी संपवते. हा डास घोट्यापाशी जास्त चावतो, बाकाखालच्या अंधारात दबा धरून बसतो, इतपत बरोबर. पण तो हातालाही चावतो, मानेलाही. वरच्या मजल्यांवरच्या घरांतही सापडतो.

गटारीचं मात्र नीट समजून घ्या. घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यूचा एडिस, अंगावर पांढरे पट्टे असलेला, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि बेळगावात पाणी कोण साठवत नाही? काही भागांत 2008 पासून चोवीस तास पाणी आलं, बाकी गल्ल्यांत नळाची वाट बघायची आणि आलं की बॅरल, हौद, घागरी भरून ठेवायच्या. अर्धं बॅरल संपायच्या आत वरून नवं पाणी पडतं, तळ कधी दिसतच नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून चालत नाही, काथ्यानं घासावं लागतं. वडगावातल्या विणकराच्या घरी बॅरल, तर टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली. डास तोच. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथरोग जाहीर केलं, तेव्हा दंडही अळ्या सापडलेल्या जागेच्या मालकालाच ठेवला.

आम्ही शिक्षकही यातून सुटत नाही. मे महिन्याच्या सुट्टीनंतर मागची संडासं उघडली, एका बंद फ्लशच्या टाकीचं झाकण काढून टॉर्च मारला. काडीएवढ्या बारीक अळ्या वळवळत होत्या, उजेड पडताच सगळ्या तळाला गेल्या. त्या दिवशी मला वर्गात जायची भीती वाटली.

कारण हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी असतात ती हीच वेळ. रात्रीच्या कॉइलचा तिथं काय उपयोग? पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि शाळेच्या टाकीला झाकण आहे का ते येऊन बघा. आम्हाला राग येणार नाही.

आता तापाचं. डेंग्यूत खरा धोका बहुतेकदा ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत असतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, रक्तदाब घसरतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं की पपईचा पाला वाटत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, त्यानं रक्तस्राव वाढतो.

गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन आली. हजेरी घेताना तिचा हात धरला तर गार, ओलसर. आईला फोन केला, रिक्षानं नेलं, चार दिवस सलाइनवर होती. आता चौथीत आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, म्हणून तिच्या घरचं बॅरल दर रविवारी घासायचं, असं तिच्या आईनं आणि मी ठरवलंय.