जहाजावर पाय ठेवला नाही, तरी बंदराचे पैसे कापले

काल संध्याकाळी क्रूझवाल्यांचा मेल आला, विषय : 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे'. उघडला तर पैसे नाहीतच, व्हाउचर! वर डेकवर हॅट घालून उभ्या असलेल्या जोडप्याचा फोटो आणि खाली बारीक करड्या अक्षरांत हिशेब. केबिनचं भाडं, कपात करून व्हाउचर. पोर्ट चार्जेस, परत नाहीत. ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या नोकरांची बक्षिशी, परत नाही. कन्व्हिनियन्स फी, ती तर कधीच परत नसते.

पोर्ट चार्जेस का परत नाहीत, ते सांगा ना कुणीतरी! जहाजावर चढणाऱ्या माणसामागे लागणारा हा पैसा. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आम्ही सगळे धुळ्यात दवाखान्यात. जहाज सुटायच्या कितीतरी आधी कॅन्सल केलं. आमच्या नावाने बंदरात कुणी दमडी भरलेली नाही. जगातल्या मोठ्या क्रूझ कंपन्या भाडं पूर्ण बुडवतात तेव्हासुद्धा कर आणि बंदराचे पैसे सहसा परत करतात. हे मात्र घशात घालून मोकळे. आणि ग्रॅच्युइटी? ज्या वेटरने आम्हाला पाण्याचा ग्लास दिला नाही त्याची बक्षिशी आमच्याकडून वसूल, आणि त्या पोराला त्यातलं काही मिळणार नाही ते नाहीच.

फोन लावला. अर्धा वेळ ते संगीत ऐकण्यात गेला. मग इंग्रजी बोलणारी मुलगी. मराठीत बोला म्हटलं तर हिंदीवर आली. मुंबईतून जहाज सोडता आणि मराठी बोलणारा माणूस ठेवता येत नाही! एक्स-रे पाठवलाय, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवलंय, म्हटलं. तर म्हणे, 'सर, पॉलिसी में मेडिकल एक्सेप्शन नहीं है.' मग मागवलं कशाला? त्या एका सहीसाठी मी आईला एकटी सोडून हाडाच्या डॉक्टरांच्या दाराशी ताटकळलो.

व्हाउचरच्या अटी तर वाचवत नाहीत. एका वर्षात वापरा, एकदाच वापरा, दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, दिवाळी आणि नाताळात चालणार नाही, भाडं वाढलेलं असलं तर वरचे पैसे तुम्ही भरा. आई सध्या वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. आणि सगळ्यात संताप कशाचा आला? कॅन्सल केल्यावर दोन दिवसांनी ॲप उघडलं तर तीच तारीख, तीच बाल्कनी केबिन, आमच्यापेक्षा महाग दराने विक्रीला. आमचेही पैसे ठेवणार, नव्याकडूनही घेणार. ही पॉलिसी नाही, ही लूट आहे.

घेताना यांना कसली अट नसते. जाहिरातीत एक आकडा, तोही माणशी आणि केबिनमध्ये दोघं धरून. एकटा माणूस गेला की जवळपास दोघांचं भाडं. मग पुढच्या पानावर पोर्ट चार्जेस, त्याच्या पुढे ग्रॅच्युइटी, मग जीएसटी, आणि विम्याच्या चौकटीत आधीच टिकमार्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या १३ 'डार्क पॅटर्न'वर, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांवर, बंदी आणली. हळूहळू किंमत वाढवत नेणं त्यात आहे, न विचारता बास्केटमध्ये वस्तू घुसवणं त्यात आहे. कोण पाळतंय?

रेल्वेला आपण उठता-बसता शिव्या देतो, पण ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही तर पैसे आपोआप खात्यात येतात. मंगल कार्यालयवाला डिपॉझिट दाबून बसतो, क्लासवाला पोराने चार दिवसांत क्लास सोडला तरी वर्षाची फी सोडत नाही, आणि आता समुद्रावरही तेच. बँकेचं वेगळंच. सहल रद्द झाली, पण तिचा ईएमआय दर महिन्याला पाच तारखेला बरोबर कापला जातो.

यातले रोख भरलेले पैसे आईचे होते. कापसाचे आले तेव्हा तिने बाजूला काढून ठेवलेले. समुद्र बघायचा होता तिला, जहाजातून. आता पलंगावरून रोज विचारते, "भाऊ, पैसा उनात का रे?" काय सांगू तिला, व्हाउचर आलंय म्हणून?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. कंपनीला वाटतंय धुळ्याचा माणूस मुंबईला खेटे घालणार नाही. घालणारच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. एकतर्फी करार याच कायद्यात 'अनुचित' ठरू शकतात. मेल, ॲपमधल्या दराचे स्क्रीनशॉट, ईएमआयचे मेसेज, सगळं छापून फाइलला लावलंय. व्हाउचर नको, तारीख वाढवून नको, पैसे हवेत. आधी बंदराचे आणि बक्षिशीचे टाका, बाकीचं धुळ्यात येऊन बोला.