मावशीचा डबा

मी बिअर बनवतो. हे वाक्य आमच्या घरात अजून कुणी पूर्ण उच्चारलेलं नाही. आई विचारणाऱ्याला "तो आंबवण्याच्या धंद्यात आहे" असं सांगते, त्यामुळे निम्म्या नातेवाइकांना वाटतं माझा इडलीच्या पिठाचा कारखाना आहे. एका आत्यानं दोन किलोची ऑर्डरही देऊन ठेवली आहे. बाबा स्पष्टवक्ते. "आयटीतली नोकरी सोडून चिरंजीवांनी गुत्ता घातलाय," असं ते बँकेत पासबुक भरून घेताना काउंटरपलीकडच्या मुलीलाही सांगतात.

पैसे कुठून आणले, जागा कशी मिळाली, याबद्दल मी लिहीत नाही. परवान्याबद्दल तर नाहीच, मला रक्तदाब आहे. एवढंच सांगतो, की आपल्या राज्यात बिअर बनवायची रीतसर परवानगी ज्या कायद्याखाली मिळते, त्याचं नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९' असं आहे. म्हणजे साबुदाणा सोडून मटण खायचं, तर परवानगी एकादशीकडेच मागायची.

मला सांगायचंय ते मदतीबद्दल.

धंद्यात उतरताना माझी समजूत अशी होती, की चौकात दुसरी वडापावची गाडी लागली की पहिला गाडीवाला जसा बघतो, तसे शहरातले बाकीचे ब्रूअर माझ्याकडे बघतील. झालं उलटंच. टाक्या ट्रकमधून उतरत होत्या तेव्हाच तिघं जण येऊन उभे राहिले आणि "असं नको, तसं धर" सुरू झालं. लग्नाच्या मांडवात न बोलावता आलेले आणि खरोखर कामाला लागणारे काका असतात ना, तसे. त्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्यांना सगळे लॅगरकाका म्हणतात. लॅगर ही बिअर थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवावी लागते, त्यामुळे काकांना कशाचीच घाई नसते. दुसरा आयपीएवाला (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, एक कडवट बिअर), त्याला सगळ्याचीच घाई. आणि तिसरी गहूताई, गव्हाची बिअर करावी तर तिनेच.

हे लोक एवढे चांगले का, असा मला बरेच दिवस संशय होता. शेवटी लॅगरकाकांनी उलगडा केला. बाटलीवाल्या मोठ्या कंपन्यांसमोर आम्ही सगळे मिळूनही सुट्टे पैसे. आणि एखाद्याकडे बिअर आंबट निघाली, तर गिऱ्हाईक "अमक्याची वाईट होती" असं म्हणत नाही, "ही ताजी बिअर असलीच असते" म्हणतं आणि कायमचं बाटलीकडे परत जातं. "तू बुडालास तर एकटा बुडणार नाहीस," काका म्हणाले. इतक्या प्रेमानं मला याआधी कुणी धमकावलं नव्हतं.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली, तेव्हापासून हे वेड इथे आहे. नावातच वेड आहे म्हणा. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असत आणि त्यांच्या डोक्यावर परिणाम होई. तेव्हापासून इंग्रजीत भ्रमिष्ट माणसाला 'डूलाली' म्हणतात. बोटीची वाट बघणं आणि परवान्याची वाट बघणं यात मला फारसा फरक दिसत नाही.

तर पहिली बॅच. मी गव्हाची करायची ठरवली, कारण ती सोपी असते असं मी कुठेसं ऐकलं होतं. साठ किलो गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, चाळीस किलो जवाचं. (जव म्हणजे आपला सातू. आईला हे कळल्यावर "मग नुसतं सातूचं पीठच कर की" असं ती म्हणाली.) भरडलेलं माल्ट सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, पिठुळाची साखर होते, मग जाळीच्या तळातून गोड पाणी खाली काढून घ्यायचं. तासाभरानं मी खालचा कॉक उघडला. दोन मिनिटं सोनेरी धार आली. मग करंगळीएवढी झाली. मग थेंब. मग काहीच नाही.

मी गहूताईला फोन केला.

"तूस घातलंस ना?"

"कसलं तूस?"

पलीकडे एवढी शांतता पसरली, की मला फोन कट झाल्यासारखं वाटलं. जवाच्या दाण्याला टरफल असतं, त्याचीच गाळणी तयार होते. गव्हाला टरफल नसतं. त्यामुळे गहू जास्त असला की वरून भाताचं तूस मिसळावं लागतं, नाहीतर टाकीत बिअरऐवजी शंभर किलोची लापशी होते. ती माझी झाली होती.

मी घाबरून बाकीच्या दोघांनाही फोनवर घेतलं. ही चूक दुसरी. आयपीएवाला म्हणाला, "ढवळ, जोरात ढवळ!" काका म्हणाले, "हात लावू नकोस, बसू दे." ताई म्हणाली, "खालून गरम पाणी सोड." मग तिघं आपसांत भांडू लागले. विषय आधी माझी लापशी, मग २०१६ सालची कुणाची तरी लापशी, मग त्या वेळी कोण कुणाचा पंप घेऊन गेलं आणि तो अजून परत का केला नाही. मी फोन पालथा ठेवला आणि ढवळलं, थांबलो, खालून पाणी सोडलं. तिघांचंही ऐकलं म्हणायचं.

पाऊण तासात गहूताई स्वतः हजर. गाडीच्या डिकीत तुसाची दोन पोती. ओळखीच्या भातगिरणीतून ती नेहमीच आणून ठेवते. तुसात निम्मी माखून तिनं ते गरम पाण्यात भिजवलं, लापशीत मिसळलं, आणि अर्ध्या तासानं धार सुरू झाली. मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको, टाकीत पडेल. आणि यीस्ट?"

यीस्ट, म्हणजे बिअरचं विरजण, मी मागवलं होतं. ते कुरिअरच्या कुठल्याशा गोदामात मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस पडून होतं.

"माझ्या टाकीतलं रात्री ताजं काढते. येऊन घेऊन जा. डबा आण. माझे डबे लोक परत करत नाहीत."

घरात पाच लिटरचा झाकणाचा डबा एकच. आईच्या लग्नात मावशीनं दिलेला, त्यावर मावशीचं नाव आणि सन १९७४ कोरलेलं. आईनं तो काढून दिला तेव्हा चेहऱ्यावर मुलीच्या पाठवणीचे भाव होते. ताईनं तो उजेडात फिरवून बघितला आणि सरळ निर्जंतुक करायच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवला. आईनं घासलेलं भांडं कुणीतरी पुन्हा धुण्याचा त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. खरं तर एका थोर परंपरेत बसलो होतो. १८४५ साली याकोबसेन नावाचा डॅनिश ब्रूअर म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीतून यीस्ट घेऊन कोपनहेगनला निघाला, तेव्हा वाटेत जिथे गाडी थांबेल तिथे उतरून तो डब्यावर गार पाणी ओतत असे. पुढे त्यानं कार्ल्सबर्ग काढली. १८८३ मध्ये तिथल्याच प्रयोगशाळेत हान्सेननं शुद्ध यीस्ट वेगळं काढायची रीत शोधली, आणि ते यीस्ट त्यांनी इतर ब्रूअरींना फुकट वाटलं. म्हणजे शेजारणीकडून वाटीभर विरजण आणायचं आणि आपलं चांगलं लागलं की आळीभर द्यायचं, तोच प्रकार. श्पाटेनचे मालक झेडलमायर मात्र तरुणपणी, १८३३ मध्ये, इंग्लंडातल्या ब्रूअरी बघत हिंडले होते आणि पोकळ काठी गुपचूप टाकीत बुडवून नमुने पळवत होते. आयपीएवाला माझ्याकडे आला की मी त्याच्या हातात काठी आहे का ते बघतो.

याकोबसेनला जे माहीत होतं ते मला नव्हतं. यीस्ट जिवंत असतं, ते वायू सोडत राहतं, आणि झाकण सैल ठेवायचं असतं. चांदणी चौकाच्या उतारावर 'फट्' असा आवाज झाला. झाकण टपाला लागून माझ्या डोक्यावर आलं आणि पायजम्यावर पांढरट फेस पसरला. गव्हाच्या बिअरमध्ये केळं घातलेलं नसतं, यीस्टच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं. रिक्षाभर तो घमघमला.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "शिकरण सांडली का साहेब?"

मी हो म्हटलं.

बिअर झाली. पंधरा दिवसांनी तिघं चव घ्यायला आले. आयपीएवाल्यानं आल्या आल्या ग्लास संपवला, ताईनं वास घेऊन लवंगेचं प्रमाण सांगितलं. लॅगरकाकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. मग म्हणाले, "पिता येते." आयटीत मिळालेल्या सगळ्या बढत्या मी या दोन शब्दांवरून ओवाळून टाकल्या. चोथा म्हशींनी खाल्ला, त्यांनी काहीच सूचना केल्या नाहीत.

पण डब्याचं प्रकरण तिथे मिटलं नाही. "तिनं डबा भरून दिला, तू काय दिलंस?" आईनं विचारलं, आणि चकल्या भरून तो ताईकडे गेला. ताईलाही आई आहेच. रिकामा डबा परत पाठवणं तिला शक्य नव्हतं, म्हणून तो तिच्या टेबलावर पडून राहिला. मग त्यातून लॅगरकाकांकडे यीस्ट गेलं, काकांकडून आयपीएवाल्याकडे धने गेले. आईनं सगळ्यांचे नंबर मिळवले. "मावशीचा डबा तुमच्याकडे आहे का?" असा फोन येतो म्हणून काका अनोळखी नंबर उचलेनासे झाले.

तीन महिन्यांनी डबा घरी आला. मी टाकी धूत होतो, या धंद्यात माणूस बहुतेक वेळ टाकीच धूत असतो. आईचा फोन आला.

"ही हिरवी गोळी पेंड कुणी पाठवली?"

"हॉप्स आहेत आई. वेलीची फुलं, वाळवून दाबलेली. त्यानं बिअर टिकते."

"कडू असतात?"

"भयंकर."

"मग औषधीच की," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या रात्री बाबांना आलं-गूळ घालून काढा मिळाला. रोज पहाटे चारला उठून भांडी वाजवणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी साडेआठला उठला, दोन वेळा आळस दिला आणि पेपर न उघडताच म्हणाला,

"तुझ्या त्या गुत्तेवाल्या मित्रांना विचार, अजून आहे का म्हणावं."

आई ओट्यापाशी होती. डबा पुसून तिनं त्यात चिवडा भरायला घेतला होता.