लँडलाइनवरचा आवाज ‘जसाच्या तसा’ जात नव्हता

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘लँडलाइनवरचा आवाज खरा, कारण तो तांब्याच्या तारेतून जसाच्या तसा पलीकडे जायचा. आवाजाचे आकडे करायची रीत मोबाइलने आणली. आणि लाइट गेली तरी फोन चालायचा, कारण मधे यंत्रच नव्हतं.’ वाचायला गोड वाटतो, पण पहिल्या दोन गोष्टी चूक आहेत आणि तिसरीचं कारण चूक आहे.

तार खरी, पण ती फक्त एक्स्चेंजपर्यंत. तिथे आपल्या घरची तारांची जोडी एमडीएफच्या, म्हणजे सगळ्या घरांच्या तारा जिथे येतात त्या मोठ्या चौकटीवर येते आणि तिथून जंपरने, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारेने, लाइन कार्डाला, म्हणजे आपली लाइन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीला जाते. खरी करामत या कार्डाची. लाइनला ४८ व्होल्ट देणं, रिसीव्हर उचलल्याचं ओळखणं, घंटी वाजवणं ही कामं त्याचीच. शिवाय ते आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा आठ आकड्यांत लिहितं. म्हणजे एका बोलण्याला सेकंदाला ६४,००० बिट. अशी ३० बोलणी सेकंदाला २०४८ किलोबिटच्या एकाच प्रवाहात ओळीने बसवून दुसऱ्या एक्स्चेंजला जातात, मग मधे केबल असो, मायक्रोवेव्ह असो की फायबर. साताऱ्याहून नागपूरला बोलताना दोन घरांना सलग जोडणारी तार कुठेच नसायची. आणि ‘जसाच्या तसा’ तर मुळीच नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचा आवाज फोन गाळूनच टाकायचा. म्हणून तर आडनाव सांगताना ‘सांगलीतला स’ म्हणावं लागायचं.

हे सगळं मोबाइलच्या आधीचं आहे. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना १९८४ची आणि तिचं १२८ पोर्टांचं, म्हणजे १२८ जोडण्यांचं, ग्रामीण डिजिटल एक्स्चेंज कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं १९८६ मध्ये. एसी नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असं यंत्र आपल्या इंजिनिअरांनी इथेच घडवलं. ‘मधे यंत्रच नव्हतं’ म्हणताना त्यांची सगळी मेहनत पुसली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

राहिली लाइटची गोष्ट. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची, तिच्या मागे डिझेल जनरेटर. घरच्या फोनला वीज तिथूनच तारेवरून मिळायची. त्याच लाइनवरचा कॉर्डलेस फोन मात्र लोडशेडिंगमध्ये बंद पडायचा, कारण त्याचा बेस घरच्या प्लगवर चालायचा.

अजूनही पटत नसेल तर ५६ के मोडेम आठवा, म्हणजे फोनच्या लाइनवरून सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत इंटरनेट देणारं यंत्र. तो वेग मिळायचा तो इंटरनेट देणारी कंपनी फोनच्या जाळ्याला डिजिटल जोडलेली असेल आणि अॅनालॉग, म्हणजे आकडे न केलेला, टप्पा फक्त आपल्या घराच्या तारेचा असेल तरच. मधलं जाळं अॅनालॉग असतं, तर ते मोडेम ३३.६ किलोबिटच्या वर गेलंच नसतं.