भास्कराचार्य, उत्तरेला डोकं आणि एक फॉरवर्ड

चाळीसगाव-जळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. चाळीसगावजवळच्या पाटणच्या भास्कराचार्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व शोधलं, ते इंग्रजांनी चोरलं. उत्तरेला डोकं करून झोपलं की रक्तातलं लोह मेंदूकडे ओढलं जातं. आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव लवकरच उलटून, म्हणजे उत्तर-दक्षिण अदलाबदल होऊन, जगबुडी होणार, असं त्यात म्हटलंय.

आधी चोरीचा आरोप. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात ‘आकृष्टिशक्तिश्च मही’ हा श्लोक आहे, खराच आहे. पण त्यात पृथ्वी आकाशातल्या जड वस्तू स्वतःकडे ओढते एवढंच सांगितलंय. सुई उत्तरेकडे का वळते, हा प्रश्नच तिथे नाही. चुंबकाची सुई नेमकी दक्षिणोत्तर न राहता जराशी कलते, हे त्याआधीच, 1088 च्या सुमारास, चीनमध्ये शेन कुओ या विद्वानाने लिहून ठेवलं होतं. पृथ्वी हाच मोठा चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने 1600 मध्ये मांडलं, तेही चुंबकदगडाचा गोळा करून त्यावर सुई ठेवून पाहिल्यावर. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला. मग पाटणला चोरी करायला आलं कोण? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाला दान दिल्याचा 1207 चा शिलालेख पाटणला आहे. मिरवायला तो पुरेसा नाही का?

रक्ताचं थोडक्यात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. प्राणवायू घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं, हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये दाखवलं. शिवाय आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र 50 मायक्रोटेस्लाहून कमी (टेस्ला हे चुंबकीय ताकदीचं माप, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग), आणि एमआरआयचं साधारण 1.5 टेस्ला, म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. धुळ्यात एमआरआय काढून आलेल्या कुणाचं रक्त डोक्यात चढलेलं ऐकलंय? झोपा हव्या त्या दिशेला.

ध्रुवांच्या गोष्टीत मात्र खरा अंश आहे. ध्रुव उलटताना क्षेत्र दुबळं होतं, आणि ते सध्या दुबळं होतंय. जर्मन गणिती गाउसने 1830 च्या दशकात क्षेत्राची ताकद मोजली, तेव्हापासून ती सुमारे 9 टक्क्यांनी घटली आहे. आपल्याकडेही कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून नोंदी आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार म्हणून हे काम 1904 मध्ये अलिबागला नेलं. पण ध्रुव उलटायला हजारो वर्षं लागतात. शेवटचे ते सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी उलटले आणि माणसाचे पूर्वज त्यातून तगले.

उलटलेल्या ध्रुवांची साक्ष दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे, जो धुळे-नंदुरबारच्या शेतांच्या बांधाबांधावर दिसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्यात पक्की झाली, आणि त्यातल्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. 1956 मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या लाव्हाची अशीच मोजणी केली, तेव्हा क्षेत्राच्या कलावरून भारत त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असं निघालं.